उंदरांचे वास आणि जोडीदाराची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, हॅमस्टर पाळणारी मुलं (आणि त्यांच्या वैतागलेल्या आया), नागपूरच्या इतवारीतले धान्याचे व्यापारी आणि एप्रिलमध्ये कूलर काढताना नाक दाबणारी मंडळी, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला असेल, तर उत्तर एकदाच दिलं आहे आणि बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नुसतं 'उंदीर' म्हटलं असेल तिथे घरातला लहान उंदीर समजावा, कारण बहुतेक संशोधन त्याच्यावरच झालेलं आहे. इतर प्राण्यांबद्दल असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. उंदीर सतत हुंगत का फिरतात? त्यांना दिसत नाही का?

दिसतं, पण रात्री, फडताळामागे आणि पोत्यांच्या फटीत डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. शिवाय वासाची एक सोय डोळ्यांना आणि कानांना नाही: तो टाकणारा निघून गेला तरी मागे राहतो. रात्री कोपऱ्यावरून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचा की परका, दांडगा की दबलेला, धडधाकट की आजारी, माजावर आलेली मादी की नाही, एवढं सगळं उंदराला त्या प्राण्याची गाठ न पडताही कळतं. गाठ पडली तर चावाचावी होऊ शकते, म्हणून आधी वाचून घेतलेलं बरं असतं.

२. उंदराच्या प्रत्येक वासाला फेरोमोन म्हणायचं का?

नाही. हा शब्द १९५९ साली पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी सुचवला. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीचं रसायन वेगळं काढलं. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये, शिकवण्याची गरज न पडता, ठरावीक प्रतिसाद उठवणारं रसायन म्हणजे फेरोमोन. 'हा अमुकच नर आहे' हे सांगणारा वास मात्र दर उंदराचा वेगळा असतो आणि तो समोरच्याला शिकावा लागतो. जोडीदार निवडताना दोन्ही प्रकार एकत्र काम करतात. ते कसं, हे प्रश्न ६ मध्ये आहे.

३. हा वास शरीरात नेमका कुठून येतो?

मुख्यतः मूत्रातून. त्याखेरीज जननेंद्रियाजवळच्या ग्रंथी आहेत, हॅमस्टरच्या कुशीवर ग्रंथी असतात, जर्बिलच्या (वाळवंटी उंदराच्या) पोटावर एक गुळगुळीत पट्टा असतो जो तो जमिनीवर घासत जातो. अश्रूसुद्धा आहेत! नर उंदराच्या अश्रूंमध्ये ईएसपी-१ नावाचं छोटं प्रथिन असतं. नराचं तोंड हुंगताना ते मादीच्या नाकात गेलं, की ती समागमाला जास्त सहज तयार होते. जपानमध्ये काझुशिगे तोउहारा यांच्या गटाने हे २०१० मध्ये दाखवलं.

मूत्राची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. माणसाच्या लघवीत प्रथिन सापडलं की डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी लिहून देतात. नर उंदराच्या मूत्रात मिलिलिटरमागे १० ते ३० मिलिग्रॅम प्रथिन असतं आणि तो ठणठणीत असतो. ही 'मुख्य मूत्र प्रथिनं', संक्षेपात एमयूपी, यकृतात तयार होतात. त्यांचा आकार आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत उडून जाणारे वासाचे रेणू अडकून बसतात. मूत्र वाळलं तरी हे रेणू हळूहळू सुटत राहतात, म्हणून खूण तासन्‌तास बोलत राहते. एवढं प्रथिन रोज शरीराबाहेर टाकणं परवडायला खाणंपिणं चांगलं लागतं. मादी ज्यावरून निवड करते ती खूण मुळात महागडी आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

४. जेकबसनचा अवयव म्हणजे दुसरं नाक का?

जवळपास तसंच. डेन्मार्कच्या लुडविग जेकबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं. नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याच्या तळाशी दोन बारीक नळ्या असतात. हवेतून उडत येणारा वास नेहमीच्या नाकाला कळतो. प्रथिनासारखे जड रेणू मात्र उडत नाहीत, त्यासाठी उंदराला खुणेला नाक टेकवावं लागतं. मग रक्तवाहिन्या आकुंचन पावून ती नळी पंपासारखा ओलावा आत ओढते. म्हणून मादी लांबून थबकते, पुढे येते आणि शेवटी खुणेला नाक लावते.

या अवयवासाठी लागणारं टीआरपीसी-२ जनुक बंद केलेले नर २००२ मध्ये तपासले गेले. ते परक्या नराशी भांडायचे सोडून त्याच्यावरच चढू लागले. समागमाची इच्छा शाबूत होती, समोर नर आहे की मादी एवढंच कळेनासं झालं होतं.

५. नर उंदीर जिथे तिथे मुतत का जातो?

सगळे नर तसं करत नाहीत, आणि मजा त्यातच आहे. १९७३ साली देजार्डिन्स आणि सहकाऱ्यांनी पिंजऱ्याच्या तळाशी कागद घालून तो अतिनील दिव्याखाली पाहिला. वरचढ नराच्या कागदावर सगळीकडे शेकडो बारीक ठिपके चमकत होते. मार खाल्लेल्या नराने एखाद-दोन कोपऱ्यांत मोठी थारोळी करून काम उरकलं होतं. कोण मालक आणि कोण भाडेकरू, हे कागदावरूनच सांगता येत होतं.

दुसऱ्या नराने खूण टाकली की मालक तिच्या शेजारी किंवा वर आपली ताजी खूण टाकतो. सीताबर्डीच्या भिंतीवर एका पक्षाच्या पोस्टरवर रातोरात दुसऱ्याचं चिकटतं, तसाच प्रकार. मादी दोन्ही वास हुंगून कोणाची खूण ताजी आहे ते ताडते. ज्याच्या हद्दीत दुसऱ्याच्याच ताज्या खुणा दिसतात, त्याची मालकी तिच्या लेखी संपलेली असते.

६. मग मादी नक्की कशावरून निवडते?

एकाच गोष्टीवरून नाही. पहिली पायरी म्हणजे 'हा नर आहे' हे कळणं. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांच्या गटाने २०१० मध्ये नराच्या मूत्रातलं असं एक एमयूपी दाखवलं, ज्याला स्पर्श झाला की मादी नराच्या वासाकडे ओढली जाते. त्याला त्यांनी 'डार्सिन' नाव दिलं, एका इंग्रजी कादंबरीतल्या मिस्टर डार्सी या नायकावरून. हे आकर्षण उपजत असतं. पण डार्सिनला नाक लावताना त्या विशिष्ट नराचा हवेत उडणारा वासही मादीच्या लक्षात राहतो आणि पुढे नुसत्या त्या वासानेही ती ओढली जाते. खूण कुठे होती ती जागासुद्धा ती एका भेटीत शिकते आणि सुमारे १४ दिवस विसरत नाही. म्हणजे उपजत खेच आणि शिकलेली ओळख इथे एकमेकांना चिकटलेल्या आहेत.

दुसरी पायरी म्हणजे प्रकृती. आतड्यात परजीवी असलेल्या नराच्या मूत्राचा वास मादी टाळते, हे मार्टिन कॅव्हेलियर्स आणि डग्लस कॉलवेल यांनी १९९५ मध्ये दाखवलं (एका खोडसाळ अपवादासाठी प्रश्न १३ पाहा). तिसरी पायरी खुणांचा ताजेपणा, तो प्रश्न ५ मध्ये आला. चौथी नातं, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

या निवडीने खरंच फरक पडतो का, असंही विचारलं जातं. ड्रिकॅमर, गोवाटी आणि होम्स यांनी २००० मध्ये काही माद्यांना त्यांनी पसंत केलेला नर दिला आणि काहींना नापसंत केलेला. पसंतीच्या नरापासूनची पिल्लं जास्त टिकली. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो, कारण इथे मादीचं मत थेट पिल्लांच्या जगण्यावर तपासलं आहे.

७. वासावरून भाऊ-बहीण कळतात का? मादी भावाला खरंच टाळते?

बऱ्याच अंशी टाळते. कशावरून, यावर मात्र वाद आहे आणि परीक्षेत 'एमएचसी' लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे उत्तर पूर्ण वाचावं.

एमएचसी म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचा गट. तो जवळपास प्रत्येकाचा वेगळा असतो. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये यामाझाकी, बॉइस आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की, बाकी सगळी जनुकं सारखी असलेले उंदीरही बऱ्याचदा वेगळ्या एमएचसीचा जोडीदार पसंत करतात. १९९१ मध्ये वेन पॉट्स यांच्या गटाने मोकळ्या आवारात उंदीर वाढवले, तेव्हा दोन्हीकडून सारखंच एमएचसी मिळालेली पिल्लं अपेक्षेपेक्षा २७ टक्के कमी निघाली. मादी हे शिकते ते लहानपणी, घरट्यातल्या वासावरून. पेन आणि पॉट्स यांनी १९९८ मध्ये पिल्लं परक्या कुटुंबात वाढवली, तर त्या माद्या मोठेपणी सांभाळणाऱ्या कुटुंबासारखा वास टाळू लागल्या.

इथवर चित्र स्वच्छ आहे. मग २००७ मध्ये हर्स्ट यांच्याच गटाने रानटी उंदरांच्या वंशजांवर प्रयोग केला आणि नातं टाळण्याचं काम एमएचसीपेक्षा एमयूपीच्या जुळणीवरून होतं असं दाखवलं. उंदरात एमयूपीची सुमारे २१ जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे कुटुंबाचा नमुना एकगठ्ठा पिल्लांकडे जातो. माझं मत विचाराल तर रानटी उंदरांवरचे निकाल जास्त वजनाचे आहेत. कारण प्रश्न १५ मध्ये दिलं आहे.

८. नर काहीच निवडत नाही का?

निवडतो, पण कमी चोखंदळपणे. माजावरच्या मादीचा वास त्याला वेगळा कळतो. तिच्या मूत्राच्या वासावर तो अतिध्वनीत गातो, माणसाच्या कानाला ऐकू न येणारं गाणं.

९. गाभण मादीजवळ नवा नर ठेवला की गर्भ राहत नाही, हे खरं?

खरं, पण अटी आहेत. लंडनच्या हिल्डा ब्रूस यांनी हे १९५९ मध्ये नोंदवलं. समागमानंतरचे पहिले काही दिवस, म्हणजे गर्भ गर्भाशयात रुजण्याआधी, मादीला परक्या नराचा वास सतत मिळाला तर प्रोलॅक्टिन (गर्भ टिकवायला लागणारं संप्रेरक) घसरतं, गर्भ रुजत नाही आणि ती पुन्हा माजावर येते. नर प्रत्यक्ष हवाच असं नाही, त्याचं मूत्र लावलेला भुसा पुरतो. जेकबसनचा अवयव काढला तर परिणाम होत नाही.

तिच्या स्वतःच्या नराच्या वासाने गर्भ का जात नाही? समागमानंतरच्या काही तासांत त्याचा वास तिच्या स्मरणात बसतो, आणि ओळखीच्या वासाचा संदेश पुढे जाऊ दिला जात नाही. म्हणूनच हॅमस्टर किंवा पांढरे उंदीर पाळणाऱ्यांना सांगतो: जोडी जमल्याबरोबर दुसऱ्या नराचा पिंजरा शेजारी आणून ठेवू नका.

याचा मादीला फायदा काय? सर्वांत मान्य तर्क असा की नवा नर बहुधा परकी पिल्लं मारतो, तर त्यांच्यावर आणखी ताकद कशाला घालवायची. तर्क पटण्यासारखा आहे, पण हा परिणाम बहुतांशी पिंजऱ्यातल्या उंदरांवर पाहिलेला आहे, हे विसरू नये.

१०. ली-बूट, व्हिटन, व्हॅन्डनबर्ग... हे सगळं परीक्षेच्या वेळी गोंधळतं. थोडक्यात सांगा ना.

ली-बूट (१९५५): माद्या एकत्र, नर नाही, त्यांचं ऋतुचक्र रेंगाळतं किंवा थांबतं. व्हिटन (१९५६ च्या सुमारास): त्याच माद्यांना नराच्या मूत्राचा वास द्या, बऱ्याच जणी तिसऱ्या रात्रीच्या आसपास एकदम माजावर येतात. व्हॅन्डनबर्ग (१९६० च्या दशकाचा उत्तरार्ध): वयात न आलेल्या मादीला प्रौढ नराचा वास मिळाला तर ती लवकर वयात येते. ब्रूस प्रश्न ९ मध्ये आहे. पहिल्या तिघांत मादीचं चक्र बदलतं, ब्रूसमध्ये राहिलेला गर्भ जातो. गोंधळ होतो तो इथेच.

११. घूस, खार, चिचुंद्री यांचंही असंच असतं का?

चिचुंद्री कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडतच नाही. ती कीटक खाणारी, साळुंकीएवढीही नसलेली वेगळ्याच गणातली. तिच्या कुशीवरच्या ग्रंथींचा उग्र दर्प घरात रेंगाळतो आणि मांजर तिला मारून बहुधा तिथेच टाकून देतं. घूस आणि खार मात्र उंदराच्याच गणातल्या, आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू हाही. पण प्रत्येकाचा वासाचा हिशेब वेगळा. खारीची मादी फार थोडा वेळ माजावर असते आणि तेवढ्यात झाडावर चार-पाच नरांची पळापळ लागते, तेव्हा दमाची परीक्षाही वासाइतकीच चालते. उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराचा नर तर मागच्या पायांवर उभा राहून मादीवर मूत्राची पिचकारी मारतो.

१२. कूलर काढला की उंदरांचा वास येतो. फिनाइलने धुतलं तरी ते परत तिथेच येतात. काहून?

कारण फिनाइल वास झाकतं, खूण पुसत नाही. वाळलेल्या मूत्रातलं प्रथिन (प्रश्न ३) खसमध्ये, लाकडी पट्ट्यांत आणि पंपाच्या कोपऱ्यात तसंच राहतं. आपल्या नाकाला स्वच्छ वाटलं तरी उंदराला अजून पत्ता सापडतो. मोठ्या उंदरांचं आणखी एक: ते भिंतीच्या कडेने एकाच वाटेने जातात आणि अंगाच्या तेलाने तिथे काळपट पट्टा उमटतो. तो पट्टा इतवारी-कळमन्याच्या कोणत्याही जुन्या गोदामात दारामागे बघायला मिळेल.

काय करायचं? जुनी खस आणि गवत फेकून द्या, धुऊन परत घालू नका. कोरडं झाडू नका, आधी ओलं करा. हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने घासा आणि मग ब्लीचचं पाणी मारा. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. आणि पेन्सिल जाईल एवढीही फट बुजवा. नुसता वास काढून उपयोग नाही, वाट मोकळी राहिली तर नवा नर येऊन पुन्हा ठिपके टाकेल.

१३. मांजराला न घाबरणारा उंदीर असतो म्हणतात. त्याचा जोडीदाराशी काय संबंध?

टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या आतड्यातच लैंगिक प्रजनन करतो. तो उंदरात शिरला तर मांजराच्या वासाची भीती कमी होते, हे मोठ्या उंदरांवर २००० मध्ये दिसलं. पुढे अजय व्यास यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की लागण झालेल्या नराचा वास माद्यांना उलट जास्त आवडतो. प्रश्न ६ मधल्या नियमाच्या हे अगदी विरुद्ध. एक धागा असा की या परजीवीमुळे नराचं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, आणि लागण समागमातूनही मादीकडे जाते. आजार लपवणारा वास तयार झाला तर मादीचं सगळं गणित फसतं.

१४. आपल्याकडे वाघाच्या खुणेला भातासारखा वास येतो म्हणतात. तोही असाच प्रकार का?

तत्त्व तेच, रसायन वेगळं. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या खुणेच्या द्रवात २-अॅसिटिल-१-पायरोलीन ओळखलं. बासमतीला सुगंध देणारा रेणू हाच. उंदीर उडणारा वास प्रथिनाच्या पोकळीत धरून ठेवतो, वाघाच्या द्रवात ते काम स्निग्ध पदार्थ करतात. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये गाइडने झाडाच्या खोडाकडे बोट दाखवून 'वास घ्या' म्हटलं, तर तो थट्टा करत नसतो.

१५. हे सगळे प्रयोगशाळेतले उंदीर. त्यावर किती विश्वास ठेवायचा?

यंत्रणेसाठी भरपूर, निवडीसाठी जपून. पिढ्यानपिढ्या आपसात जुळवलेल्या वाणात, उदाहरणार्थ सी५७ मध्ये, सगळ्या नरांचा एमयूपी नमुना जवळजवळ एकसारखा असतो. ओळख पटवायचं साहित्यच काढून घेऊन 'मादी ओळखते का' असं विचारणं अन्यायाचं आहे. शिवाय छोट्या पिंजऱ्यात तिला नराजवळून निघून जाता येत नाही.

आणखी एक गोष्ट, प्रयोग करणाऱ्याचाही वास असतो. २०१४ मध्ये रॉबर्ट सॉर्ज आणि जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा त्याचा घातलेला टी-शर्ट जरी असला, तरी उंदरांवर ताण येतो. बाईचा शर्ट ठेवला तर तसं झालं नाही.

१६. उंदरांच्या खोलीत गेलं की शिंका येतात. वासामुळे का?

वासामुळे नाही, त्याच एमयूपीमुळे. वाळून धूळ झालेलं हे प्रथिन उंदरांच्या अॅलर्जीचं मुख्य कारण आहे. प्राणिगृहात काम करणाऱ्यांनी मास्क टाळू नये.

१७. हॅमस्टरची जोडी एकाच पिंजऱ्यात ठेवू का?

नको. सोनेरी हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे. मादीचं चक्र चार दिवसांचं असतं. माजावर येण्याआधी ती योनिस्रावाच्या खुणा जमिनीवर टाकते, नर त्या हुंगत तिच्यापर्यंत पोचतो. बाकी दिवशी ती त्याला फाडायला मागेपुढे पाहत नाही. नर उंदीर पाळले असतील तर पिंजरा साफ करताना घरट्यातलं थोडं जुनं साहित्य परत ठेवा, त्याने भांडणं कमी होतात. आईला वास सहन होत नसेल तर बाकीचा भुसा पूर्ण बदला, घरटं तेवढं राहू द्या.

१८. माणसांतही असं असतं का? 'फेरोमोन' अत्तर घेऊ का?

पैसे वाचवा. माणसात जेकबसनच्या अवयवाचे अवशेष आहेत, पण टीआरपीसी-२ जनुक मोडलेलं आहे आणि एमयूपीचं एकच जनुक तेही निकामी. १९९५ मध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी स्वित्झर्लंडमध्ये ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावला आणि तो ४९ बायकांना हुंगायला दिला. बायकांना वेगळ्या एमएचसीच्या पुरुषांचा वास जास्त आवडला, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं मात्र उलट निघालं. पुढच्या अभ्यासांचे निकाल दोन्हीकडे झुकलेले आहेत. एवढ्यावरून कोणी कांदेपोहे रद्द करू नयेत.

१९. कॉलेज प्रोजेक्टसाठी हे घरी दाखवता येईल का?

उंदीर न पकडता थोडंफार येईल. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च घ्या, रात्री अंधार करून स्वयंपाकघराच्या किंवा गोदामाच्या भिंतीची कड पाहा. वाळलेलं मूत्र फिकट निळसर-पिवळं चमकतं. ठिपके विखुरलेले आहेत की एका कोपऱ्यात साचलेले (प्रश्न ५), याचा कागदावर नकाशा काढा. कपडे धुण्याची पावडर आणि काही कागदही तसेच चमकतात, तेव्हा आधी त्यांचे नमुने टॉर्चखाली पाहून ठेवा. टॉर्च डोळ्यात मारू नका, डागांना हात लावू नका आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.